पोस्टग्रेसचा पासवर्ड हरवलाय, सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करावा का?

तुमची अडचण अशी: विंडोज सर्व्हरवर पोस्टग्रेस १६ हे डेटाबेस सॉफ्टवेअर आहे, ते बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला, ‘पोस्टग्रेस’ या मुख्य युजरचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, आणि आता पाच जणांना ॲक्सेस द्यायचाय.

पुन्हा इन्स्टॉल करू नका. अनइन्स्टॉल केल्यावरही डेटा फोल्डर तसाच राहतो, आणि नव्या इन्स्टॉलेशनला तोच फोल्डर दिलात की पासवर्डही जुनाच लागतो, कारण त्याचा हॅश (पासवर्डचं उलट वाचता न येणारं सांकेतिक रूप) डेटातच साठवलेला असतो. मग वैतागून कोणीतरी तो फोल्डर उडवतं आणि सगळा डेटा गेल्यावर रड सुरू होते.

बदलायच्या आधी शोधा. या डेटाबेसवर चालणारं सॉफ्टवेअर याच युजरने लॉगिन करत असेल, तर पासवर्ड त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडलेला असण्याची बरीच शक्यता आहे. आणि तसं असेल तर पासवर्ड बदलताच ते सॉफ्टवेअर बंद पडेल, हेही लक्षात ठेवा. दुसरी जागा म्हणजे त्या माणसाच्या विंडोज खात्यात ॲपडेटा, रोमिंग, पोस्टग्रेएसक्यूएल या फोल्डरातली पीजीपास.कॉन्फ. तिच्यात होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड असं कोलन देऊन एका ओळीत लिहिलेलं असतं. पीजीॲडमिनचा (पोस्टग्रेस हाताळायचं ॲप) मास्टर पासवर्ड मात्र वेगळी गोष्ट, त्याचा सर्व्हरशी संबंध नाही.

नाहीच सापडला, तर डेटा फोल्डरातल्या पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलकडे वळा. कोणी, कुठून आणि कशाच्या जोरावर आत यायचं ते ही फाइल ठरवते. आधी तिची कॉपी काढा. मग नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या.) जुन्या ओळींना हात न लावता नियमांच्या सगळ्यात वर दोन ओळी घाला: ‘होस्ट ऑल पोस्टग्रेस १२७.०.०.१/३२ ट्रस्ट’ आणि तशीच दुसरी, पत्त्याच्या जागी ‘::१/१२८’. ‘ट्रस्ट’ म्हणजे पासवर्ड न विचारता आत सोडणं; दोन्ही पत्ते याच मशीनचे, पहिला आयपीव्ही४चा, दुसरा आयपीव्ही६चा. सर्व्हर वरून खाली वाचत जातो आणि जुळलेली पहिलीच ओळ धरतो, म्हणून त्या वर हव्यात. दुसरी ओळ अनेकजण विसरतात. विंडोजवर ‘लोकलहोस्ट’ पुष्कळदा आयपीव्ही६ पत्त्यावर जातं आणि मग ‘ट्रस्ट लिहूनही पासवर्ड मागतोय’ अशी तक्रार येते.

लिनक्सवर यानंतर रीलोड लागतं, म्हणजे सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला सांगावं लागतं. विंडोजवर नव्या कनेक्शनला बदल लगेच लागू होतो. म्हणजे ओळीत स्पेलिंग चुकलं तर त्या क्षणापासून कोणालाच नवं लॉगिन करता येणार नाही. ऑफिस सुटल्यावरच हे करा.

आता सर्व्हरवरच बसून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पीएसक्यूएल -यू पोस्टग्रेस -एच लोकलहोस्ट’ चालवा (पीएसक्यूएल म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम). पासवर्ड न मागता प्रॉम्प्ट येईल. त्याच्या शेवटी # दिसला तर तुम्ही सुपरयुजर (सगळे हक्क असलेला युजर) आहात, > दिसला तर साधे युजर. तिथे बॅकस्लॅश देऊन ‘\पासवर्ड पोस्टग्रेस’ लिहा, नवा पासवर्ड दोनदा विचारला जाईल. बहुतेक ठिकाणी यासाठी ‘ऑल्टर रोल’ ही कमांड सांगतात. त्यानेही काम होतं, पण पासवर्ड उघड्या अक्षरांत कमांडच्या हिस्टरीत आणि कदाचित सर्व्हरच्या लॉगमध्येही उरतो. ‘\पासवर्ड’ आधी हॅश करून मगच पाठवतो.

त्या दोन ओळी लगेच काढा. त्या असेपर्यंत या मशीनवर बसलेला कोणीही सुपरयुजर आहे. आणि ‘ट्रस्ट’समोर ०.०.०.०/० तर चुकूनही लिहू नका. ओळी काढल्यावर परत लॉगिन करून पाहा. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’बरोबर पासवर्ड फाइलमधून घेतल्याचं दिसलं, तर पीजीपासमध्ये जुनाच पासवर्ड बसलाय.

पाच जणांचं म्हणाल, तर हा नवा पासवर्ड त्यांच्यापैकी कोणालाही देऊ नका. प्रत्येकाचा स्वतःचा रोल (पोस्टग्रेसमधलं युजर-खातं) करा. फक्त रिपोर्ट बघणाऱ्यांना ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ हा तयार रोल ग्रँट केला की पुरतं; आवृत्ती १४ पासून तो आहे. पण तो या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसना लागू पडतो. पगाराचा डेटा शेजारच्याच डेटाबेसमध्ये असेल तर हा रोल नको. मग लॉगिन नसलेला एक गट-रोल करा, त्याला स्कीमावर (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) ‘यूसेज’ आणि टेबलांवर ‘सिलेक्ट’ द्या आणि माणसं त्या गटात घाला. इथे हमखास अडतं ते नव्या टेबलांवर. पुढच्या टेबलांवर आपोआप हक्क देणारं ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ ज्याने चालवलं, त्याने पुढे केलेल्या टेबलांनाच ते लागू होतं. टेबलं दुसरा रोल करत असेल तर कमांडमध्ये ‘फॉर रोल’ लिहून त्याचं नाव द्यावं लागतं.

गेलेल्या माणसाचा स्वतःचा रोल असेल तर आधी ‘नोलॉगिन’ करा. तेवढ्याने उघडं सेशन तुटत नाही, ते ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने तोडा. नंतर ‘ड्रॉप रोल’ केलंत आणि काही ऑब्जेक्ट त्यावर अवलंबून असल्याचा एरर आला, तर ‘रीअसाइन ओन्ड’ने त्याची टेबलं दुसऱ्याच्या नावावर करा आणि मग ‘ड्रॉप ओन्ड’ने उरलेले हक्क काढा. क्रम उलटा झाला तर टेबलंच उडतील. आणि हे प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं जाऊन करावं लागतं.