‘ठणकतंय’ हे जपानीत कसं सांगायचं?

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. जूनमध्ये तीन महिन्यांसाठी योकोहामाला नणंदेकडे चालल्या आहेत. खालच्या उजव्या दाढेवरची कॅप दोनदा निघालीये. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. नणंद दिवसभर कामावर. दाढ दुखली तर त्या एकट्या तिथल्या डेंटिस्टकडे जाऊ शकतील का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : जाऊ शकतील. पण आधी इथे, याच आठवड्यात, दाढेचा एक्स-रे काढा. कॅप दोनदा निघते तेव्हा बहुधा आतला दात किडलेला असतो किंवा फार थोडा उरलेला असतो. जपानमध्ये एकाच दाताला छोट्या छोट्या बऱ्याच फेऱ्या लावतात, शिवाय पाहुण्यांना तिथला सरकारी विमा नसल्यामुळे सगळे पैसे खिशातून जातात.

गिरगावात मी सत्तावीस वर्षं दात बघते आहे. ओसाकाला मुलीकडे असताना माझंच फिलिंग निघालं. मुलगी ऑफिसात, मी एकटीच गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात गेले. फॉर्मवर दातांचं चित्र होतं, त्यात गोल केला. डॉक्टरांनी गालावर हात धरून विचारलं, “झुकीझुकी?” मग पाण्याचा ग्लास दाखवून, “शिमीरू?” झुकीझुकी म्हणजे आपलं ठणकणं. शिमीरू म्हणजे गार लागलं की दात शिवशिवणं. ठणका असेल तर बिघाड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचल्याची शंका येते, नुसती शिवशिव असेल तर बरेचदा वरच्यावर भागतं. एवढा एक शब्द कळला की डॉक्टरचं अर्धं काम होतं. सासूबाईंकडून हे दोन्ही शब्द पाठ करून घ्या.

मग त्यांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल ठेवला. तिथे बऱ्याच ठिकाणी ठेवतात, उजेड आणि पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मला मात्र धस्स झालं. भाषा नव्हतीच, आता समोरच्याचा चेहराही दिसेना. तेवढ्यात नर्सने माझा डावा हात अलगद वर उचलला आणि म्हणाली, “इताई.” दुखलं तर हा हात वर करायचा. डॉक्टर उजवीकडे बसतात, हत्यारंही तिकडेच, म्हणून डावा. माझ्याकडे नुकत्याच गावाहून आलेल्या, माझं बोलणं न कळणाऱ्या किती बायका त्या खुर्चीत मुकाट पडून राहिल्या असतील, हे मला तेव्हा कळलं. आता मी प्रत्येकीचा हात आधी स्वतः उचलून दाखवते.

कागदाचं मात्र मनावर घ्या. एका पानावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत दाताचा क्रमांक लिहा. खालची उजवी पहिली दाढ असेल तर ४६. (अमेरिकेत हाच दात ३० होतो, म्हणून शेजारी चित्र काढून खूण करा.) गोळीचं ब्रँडचं नाव नको, आतल्या औषधाचं लिहा, आणि ती गोळी कशासाठी चालू आहे तेही. दात काढायचा म्हणून ती गोळी मनाने बंद करायची नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन घेत असतील तर तेही लिहा, दात काढण्याआधी डॉक्टरला ते कळायलाच हवं. पेनिसिलीनची ॲलर्जी आहे की नाही, तेही. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मात्र बरोबर देऊ नका, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तो कागद आणि एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो, दोन्ही नणंदेकडे आधीच पाठवून ठेवा. कॅपखाली काय निघालं ते मला कळवा.