लॉगिन केल्यावर नको ते उघडतं, हवं ते उघडत नाही

या वेळचे बरेच प्रश्न एकाच जागी येऊन अडलेत. लिनक्स चालू केलं, पासवर्ड टाकला आणि पुढे काहीतरी भलतंच झालं, आणि बहुतेकांना कुणीतरी सांगून ठेवलंय की फॉरमॅट मारा. कृपा करून मारू नका. ही भानगड बहुतेक वेळा तुमच्या होम फोल्डरमधल्या (म्हणजे तुमच्या फायली आणि सेटिंग्ज राहतात त्या फोल्डरमधल्या) दोन-चार फायलींची असते, आणि होम तसंच ठेवून लिनक्स नव्याने टाकलंत तर तीच तक्रार परत दारात उभी राहते.

प्रश्न : गुहागरला आमचा होमस्टे आहे, काउंटरच्या पीसीवर लिनक्स मिंट आहे, एक्सएफसीई डेस्कटॉपवालं. रोज सकाळी फायरफॉक्सच्या दोन विंडो, फोटोंचा एक फोल्डर आणि एक टर्मिनल (कमांड टाइप करायची विंडो) आपोआप उघडतं. कालचं नाही, गणपतीत भाचा मुंबईहून आलेला तेव्हा प्रिंटर बसवताना त्याने जे उघडलं होतं तेच. स्टार्टअपच्या यादीतून फायरफॉक्सची टिक काढली तरी एक विंडो येतेच, बाकीचं तर यादीत दिसतच नाही.

यादीत दिसत नाही हेच महत्त्वाचं. लॉगिननंतर प्रोग्राम सुरू करणारे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक दोन्ही एकच समजतात. पहिला ऑटोस्टार्ट, म्हणजे तुम्ही पाहिलीत ती यादी. दुसरा सेव्ह केलेलं सेशन, म्हणजे लॉगआउटच्या वेळी जे उघडं होतं त्याची नोंद. तुमच्याकडे फायरफॉक्स दोन्हीकडून येत होता म्हणून दोन विंडो, एक रस्ता तुम्ही बंद केलात, दुसरा चालूच आहे.

एक्सएफसीईमध्ये लॉगआउट करताना जो बॉक्स येतो त्यात खाली 'सेव्ह सेशन फॉर फ्यूचर लॉगिन्स' अशी टिक असते. गणपतीत ती एकदा लागली असणार आणि नंतर कुणीतरी काढली असणार. टिक काढली की नवीन नोंद होणं थांबतं, पण जुनी नोंद पुसली जात नाही, आणि एक्सएफसीई दर लॉगिनला तीच जुनी नोंद उघडून बसतं. रोज लाईट जाऊनच पीसी बंद होत असेल तरी हेच होतं, कारण नोंद होते ती नीट लॉगआउट केल्यावरच.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये 'सेशन अँड स्टार्टअप' उघडा, 'क्लिअर सेव्ह्ड सेशन्स' बटण दाबा, आणि 'ऑटोमॅटिकली सेव्ह सेशन ऑन लॉगआउट' चालू असेल तर बंद करा. बटण सापडलं नाही तर होममधल्या 'डॉट कॅश' फोल्डरात 'सेशन्स' नावाचा फोल्डर आहे (डॉटने सुरू होणारे फोल्डर कंट्रोल-एच दाबल्याशिवाय दिसत नाहीत), त्यातल्या फायली काढून टाका. काउंटरच्या पीसीला तर मी सेशन सेव्ह करणं बंदच ठेवायला सांगेन, पाहुण्यासमोर स्क्रीन रोज एकसारखी उघडलेली बरी.

आणि ऑटोस्टार्टमधलं नको ते काढायला सिस्टीमच्या फोल्डरातून फाईल डिलीट करू नका, अपडेट आला की ती परत येऊ शकते. सेटिंगमधली टिक काढली की तुमच्या 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'ऑटोस्टार्ट' फोल्डरात त्याच नावाची फाईल तयार होते, तिच्यात 'हिडन इज इक्वल टू ट्रू' असतं, आणि तुमची फाईल सिस्टीमच्या फाईलपेक्षा वरचढ ठरते.

प्रश्न : देवगडला आंब्याच्या पेट्या पाठवतो, बिलं पीसीवर आहेत. बिलांचा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करणारी छोटी स्क्रिप्ट केलीय. टर्मिनलमधून मस्त चालते, स्टार्टअपमध्ये टाकली तर काहीच होत नाही, एरर पण येत नाही.

टर्मिनलमध्ये तुमची कमांड शेल, म्हणजे कमांडचा अर्थ लावणारा प्रोग्राम, वाचतं, ऑटोस्टार्टमध्ये मध्ये शेल नसतं. त्यामुळे होमसाठी आपण टाइप करतो ती नागमोडी खूण, दोन कमांड जोडणारे दोन अँड, फाईलमध्ये आउटपुट वळवणारा बाण, यातलं काही तिथे कळत नाही. कमांडच्या रकान्यात फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा, मुळापासून, स्लॅश होम स्लॅश तुमचं नाव असा, आणि बाकी सगळं स्क्रिप्टच्या आत ठेवा. स्क्रिप्टची पहिली ओळ कुठलं शेल वापरायचं ते सांगणारी हवी आणि फाईलला एक्झिक्युट परमिशन, म्हणजे प्रोग्राम म्हणून चालायची परवानगी, हवी. 'डॉट बॅशआरसी'त लिहिलेला पाथ आणि शॉर्टकट इथे मिळतील असं धरू नका, ती फाईल टर्मिनल उघडल्यावर वाचली जाते.

एवढं करूनही कॉपी झाली नाही तर वेळेचा घोळ असणार. पेन ड्राइव्ह डेस्कटॉप उभा राहिल्यावर माउंट होतो, म्हणजे वापरासाठी जोडला जातो, आणि तुमची स्क्रिप्ट त्याच्या आधीच धावून गेलेली असते. नुसतं वीस सेकंद थांबायला सांगणं चालतं, पण त्यापेक्षा पेन ड्राइव्ह माउंट झालाय का हे स्क्रिप्टलाच दर दोन सेकंदांनी बघू द्या, झाला की कॉपी, मिनिटभरात नाही झाला तर गप बंद. नाहीतर पेन ड्राइव्ह नसताना त्याच पत्त्यावर कॉपी करायला जाल, आणि मे महिन्यात हिशोब शोधायची वेळ आली की हातात काही नसेल. स्क्रिप्टचं सगळं आउटपुट एका लॉग फाईलमध्ये पण जाऊ द्या, एरर येत असते, फक्त ती दाखवायला तिथे कुणी नसतं.

ही कमांड 'डॉट प्रोफाईल'मध्ये टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती फाईल लॉगिन होता होता वाचली जाते, आणि पेन ड्राइव्हची वाट बघत कमांड तिथेच अडकली तर डेस्कटॉपच उघडणार नाही.

प्रश्न : पावसात चार वेळा लाईट गेली, त्यानंतर पासवर्ड टाकला की क्षणभर काळी स्क्रीन येते आणि परत लॉगिनचं पान. पासवर्ड बरोबर आहे. दुकानदार फॉरमॅट म्हणतो, मुलीचं प्रोजेक्ट त्यात आहे. (मालवण)

प्रोजेक्ट बहुतेक जागच्या जागी आहे, घाबरू नका. पासवर्ड चुकला तर तसा मेसेज येतो, काळी स्क्रीन येऊन परत फिरणं म्हणजे पासवर्ड पास झाला आणि सेशन सुरू होताच पडलं.

लॉगिनच्या पानावर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळ्या स्क्रीनवर नाव-पासवर्ड टाकून आत जा. आधी 'डीएफ' कमांड 'डॅश एच' लावून चालवा, डिस्क शंभर टक्के भरलेली दिसली तर तेच कारण, जागा करा. मग 'टच' कमांडने होममध्ये एक रिकामी फाईल बनवून बघा. 'रीड-ओन्ली फाईल सिस्टीम' असं उत्तर आलं तर लाईट जाण्याचा फटका इथे बसलाय. फाईल सिस्टीममध्ये चूक सापडली की लिनक्स डेटा आणखी बिघडू नये म्हणून डिस्कवर लिहिणंच थांबवतं, आणि लिहिता येत नसेल तर डेस्कटॉप उभा राहत नाही. अशा वेळी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स चालतं असा) पीसी चालू करा, पहिल्यांदा प्रोजेक्ट कॉपी करून घ्या, आणि मगच 'एफएससीके' ही फाईल सिस्टीम तपासणारी कमांड डिस्कच्या त्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर, चालवा, पार्टिशन माउंट नसताना.

डिस्क ठीक असेल तर होममधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' फाईल कुणाच्या मालकीची आहे ते 'एलएस डॅश एल'ने बघा. सुडो (अॅडमिनच्या हक्काने चालवायची कमांड) लावून एखादा ग्राफिकल प्रोग्राम चालवलेला असला की ती कधीकधी रूटच्या, म्हणजे अॅडमिन यूजरच्या, नावावर जाते, मग तुमचंच सेशन तुमचीच फाईल उघडू शकत नाही. ती काढून टाका, नवीन आपोआप बनते. तरीही अडलं तर 'डॉट एक्ससेशन-एरर्स' फाईलच्या शेवटच्या ओळी वाचा, बऱ्याचदा पडलेल्या प्रोग्रामचं नाव तिथे असतं.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर 'अॅडयूजर'ने एक नवा यूजर बनवून त्याने लॉगिन करा. तो आत गेला म्हणजे सिस्टीम ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या होममध्ये आहे. मग 'डॉट कॉन्फिग' आणि 'डॉट कॅश' या दोन फोल्डरांची नावं बदला, डिलीट करू नका, आणि लॉगिन करून बघा. चाललं की जुन्या फोल्डरातून लागेल ते एकेक परत आणा.

प्रश्न : आधी लॉगिन केल्यावर कालच्या विंडो परत उघडायच्या, आता नोम डेस्कटॉपच्या वेलँडवर आलो तर काहीच परत येत नाही. (रत्नागिरी)

तुमची काही चूक नाही. विंडो परत उघडणारी जुनी व्यवस्था स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स विंडो सिस्टीमची होती, तिच्या १९९४ सालच्या एक्स११आर६ आवृत्तीपासूनची, आणि तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ती तशीच्या तशी आलेली नाही. रोज लागणारे प्रोग्राम ऑटोस्टार्टमध्ये टाका आणि ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मागचे टॅब परत उघडायची टिक लावा, तेवढ्याने बहुतेक काम भागतं.