बायोस अपडेट: आधी कारण, मग पेनड्राइव्ह

भाऊ, बायोस (मदरबोर्डमधलं, पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करू का आणि ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं) करू का, असं विचारलंस. पीसी नीट चालत असेल तर नुसतं नवं व्हर्जन आलं म्हणून बायोसला हात लावू नकोस. कारण पाहिजे. बी४५० मदरबोर्डावर एएमडीचा रायझन ५००० प्रोसेसर बसवायचाय, नवी रॅम धरत नाही, असं काहीतरी. इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा आय७-आय९ प्रोसेसर असेल तर मात्र टाळाटाळ नको. त्यांना जास्त व्होल्टेज जाऊन ते बिघडायचे, त्या भानगडीवर २०२४ मध्ये इलाज बायोसमधूनच आला.

करायचंच ठरलं तर:
- बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती ते) वाच. एका रिव्हिजनची फाइल दुसऱ्याला चालेलच असं नाही. पोरं इथंच फसतात.
- फाइल कंपनीच्याच साइटवरून, पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला.
- बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेव.

आणि लाइट! आपल्या लातूर-नांदेडकडं वळवाचे ढग दिसले की लाइट गेलीच समज. यूपीएसशिवाय फ्लॅश (म्हणजे बायोस अपडेट) करायचंच नाही. त्याची बॅटरी खरंच टिकते का, तेही आदल्या दिवशी प्लग काढून बघ. कित्येकांचे यूपीएस नुसते ओरडायच्या कामाचे असतात.

मधे स्क्रीन काळी झाली तरी घाबरून पॉवर बटण दाबू नकोस. ओव्हरक्लॉकिंगचं नंतर बघू. बोर्ड कोणता आहे, ते सांग आधी.