यंत्रमागाच्या खडखडाटात बोलताना

प्रश्न : वडील यंत्रमागावर काम करतात. घरी आल्यावरही ओरडूनच बोलतात. सवय म्हणून सोडून द्यायचं की कान तपासायचे? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : तपासायचेच. गोंगाटात स्वतःचं बोलणं स्वतःला नीट ऐकू येत नाही, म्हणून आवाज आपोआप चढतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ साली हे मांडलं. बहिरेपणाचं सोंग ओळखायलाही ही खूण उपयोगी पडली : कानात गोंगाट सोडल्यावर ज्याला ऐकू येतं त्याचा आवाज चढतो, ठार बहिऱ्याचा चढत नाही. पण माग थांबले की चढलेला आवाज लगेच उतरायला हवा. शांत घरातही तो उतरत नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, करून घ्या. त्याआधी निदान १४ तास गोंगाट नको, म्हणजे सुटीची सकाळ बरी. पाळी संपवून थेट गेलात तर कानाला आलेला तात्पुरता बधिरपणाही मोजला जातो. तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला, म्हणजे त्या उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असले, तर गोंगाटाने इजा झाल्याचा संशय बळावतो. हातभर अंतरावरच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागत असेल, तर तिथे कान झाकलेच पाहिजेत.

प्रश्न : इयरप्लग घातले की साथीदाराला माझं बोलणं ऐकू जात नाही. प्लग बदलू का?

उत्तर : प्लगचा दोष नाही. त्यांनी बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि स्वतःचा आवाज हाडांतून आत घुमतो. आपण पुरेसं मोठ्याने बोलतोय असं वाटतं आणि आवाज नकळत काही डेसिबलने उतरतो. तो जाणूनबुजून थोडा वाढवा, पण किंचाळू नका. किंचाळल्याने स्वर फुगतात. स, त, क, फ यांसारखी व्यंजनं त्या मानाने वाढत नाहीत आणि शब्द ओळखू येतो तो बराचसा त्यांच्यावरून. त्यापेक्षा जवळ जा. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने वाढतो. बंद शेडमध्ये थोडा कमी, तरी फायदा आहेच. ओठ दिसतील असं समोर उभं राहा. मागाचा नंबर ‘सदुसष्ट’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणा, नाहीतर ‘अडुसष्ट’ ऐकू जातं आणि भलत्याच मागाला हात लागतो. ऐकणाऱ्याने तो नंबर तसाच परत म्हणून दाखवावा.

बोलण्यासाठी प्लग काढणं मात्र अगदी चुकीचं. घाईत परत घातलेला फोमचा प्लग अर्धवट बसतो. तो बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा.