गच्चीवरच्या जाळीत मावा परत परत का येतोय

दादा, तुम्ही विचारलंय की गच्चीवर हिरव्या जाळीत मिरची, जास्वंद, शेवंती लावलीय, तिन्हीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आलाय, दुकानातनं आणलेलं औषध तीनदा मारलं तरी आठ-दहा दिवसांत परत भरतोय, कुंडीवर मुंग्यांची रांग पण लागलीय, तर आता कुठलं औषध मारू. मी सोलापुरातच होटगी रोडच्या बाजूला १४ वर्षं गच्चीवर भाजी करते, आणि हा त्रास दरवर्षी हुरड्याच्या दिवसात, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा जवळ आली की बघते. म्हणून औषधाचं नंतर सांगते, आधी तो परत का येतोय ते बघा, नाहीतर चौथ्यांदा पण तेच होईल.

मावा आपल्याकडच्या हवेत अंडी घालत बसत नाही. मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं देते, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढची पिल्लं आधीच तयार व्हायला लागलेली असतात. आठवड्याभरात पिल्लू मोठं होऊन रोज चार-पाच पिल्लं द्यायला लागतं. म्हणजे तुम्ही वरनं फवारलं, पानाच्या मागं दोन-चार राहिले, की पंधरा दिवसांत शेंडा परत भरलेला. त्यात फांदीवर गर्दी झाली की पंखवाले निघतात आणि शेजारच्या कुंडीत जातात. फवारा पानाच्या खालच्या बाजूला गेला का, हे सगळ्यात आधी तपासा, कारण मी बघितलेल्या दहातल्या आठ घरी तो वरनंच मारलेला असतो.

आजच करायचं काम म्हणजे पाणी. दोन बोटांनी शेंड्याला मागनं आधार द्या आणि पाईपनं जोरात धार मारा, तीन दिवस रोज, सकाळी. मावा सोंड आत खुपसून बसलेला असतो, झटक्यानं पडला की बऱ्याच जणांची सोंड मोडते आणि परत चढणं त्यांना जमत नाही. पाणी कमी असेल तर मगात पाणी घेऊन मिरचीचा शेंडा त्यात बुडवून हलवा, शेवंतीला तर हेच बरं पडतं, कारण तिचा काळा मावा कोवळ्या दांड्याला घट्ट चिकटलेला असतो, धारेनं दांडा मोडतो पण मावा हलत नाही. अगदी गच्च भरलेले दोन-तीन शेंडे सरळ खुडून पिशवीत घालून टाका, जीव लावू नका त्यात.

आता साबणाचं. हे मला कळायला दोन-तीन वर्षं गेली, म्हणून सविस्तर सांगते. सगळीकडं लिहिलेलं असतं साबणाचं पाणी मारा, मी मारायची आणि काहीच व्हायचं नाही, पानावर पांढरा थर बसायचा नुसता. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं झाडांना आपण बोअरचंच वापरतो, आणि बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याची फुटक्या दुधासारखी साय होते, ती माव्याला काही करत नाही. साबणाचं काम एवढंच की माव्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण मोडायचं, आणि ते ओलं असेपर्यंतच, वाळलं की त्याचा उपयोग संपला. त्यामुळं फवाऱ्यासाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वेगळं ठेवा. तेही नसेल तर रिठा वापरा, ५-६ रिठे फोडून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी चोळून फडक्यानं गाळा, रिठ्याला जड पाण्याचं काही वाटत नाही, फेस येतोच. त्यात लिटरला ५ मिली निंबतेल टाकून चांगलं घुसळा, तेल वर तरंगताना दिसलं तर मारू नका, पान भाजतं. फवारायचं संध्याकाळी ऊन उतरल्यावर, कुंडीला आदल्या दिवशी पाणी घातलेलं असावं, आणि पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून एक दिवस थांबा. चार-पाच दिवसांनी परत मारा, असं तीनदा. मार्चनंतर मात्र तेल बंद, आपल्या उन्हात पान करपतं, आणि तेव्हा ऊन वाढलं की मावा आपोआपच कमी होतो.

जून-जुलैत निंबोळ्या पडतात तेव्हा गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर अजून चांगलं. ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवून गाळलं की पाच टक्के अर्क झाला, तो त्याच दिवशी वापरायचा.

पण फवारायच्या आधी भिंग किंवा मोबाईलचा कॅमेरा घेऊन पानं बघाच. काळसर, लांबट, पाठीवर केशरी ठिपके, सहा पायांची मगरीसारखी दिसणारी अळी असेल तर ती ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे, तिला हात लावू नका. मी पहिल्या वर्षी या अळ्या कीड समजून चिरडल्या, अजून वाईट वाटतं, कारण मोठी होईपर्यंत एकेक अळी शेकड्यानं मावा खाते. पानावर केसासारख्या दांडीवर टेकलेलं पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या किड्याचं, त्याची अळी पण मावा खाते. आणि फुगलेला, कागदासारखा तपकिरी झालेला, न हलणारा मावा दिसला तर त्याच्या आत बारीक गांधीलमाशीची अळी वाढतीय, ते पान तसंच ठेवा. हे तिन्ही मावा वाढल्यावर आठ-दहा दिवसांनीच येतात, आणि तुमचं औषध नेमकं त्याच वेळी पडलं असणार. मावा आठ-दहा दिवसांत परत वाढला, ते काही परत आले नाहीत.

तुमच्या जाळीत तर अजून एक अडचण. शेडनेटच्या भोकातनं पंखवाला मावा आत येतो, ढालकिडा बाहेरच राहतो. आत वारा कमी, पावसाचा मारही कमी, मावा सुखात. म्हणून मी दिवसा जाळीचा दरवाजा उघडाच ठेवते. आणि ऑक्टोबरात एका जुन्या टबात मूठभर मालदांडी ज्वारी किंवा मका पेरून जाळीतच ठेवते. ज्वारीवरचा मावा, आपले शेतकरी ज्याला चिकटा पडला म्हणतात तो, मिरचीवर जात नाही, पण त्याच्यावर ढालकिडे जमतात आणि मग मिरचीकडं वळतात. गावाकडं कुणाची ज्वारी असेल तर तिथनं ढालकिड्याच्या अळ्या पानासकट आणा, मोठे किडे आणले तर उडून जातात.

मुंग्या. त्यांना माव्याचा गोड चिकट पदार्थ हवा असतो, म्हणून त्या ढालकिड्याला हाकलतात. मुंगी थांबली की अर्धं काम झालं. कुंडीच्या स्टँडचे पाय वाट्यांमध्ये ठेवा, वाटीत पाणी आणि दोन थेंब साबण घाला, पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. जास्वंदीच्या खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा, ग्रीस सालीला लागू देऊ नका. फांदी कठड्याला किंवा कपड्याच्या दोरीला टेकलेली असेल तर छाटा, तोच त्यांचा पूल असतो.

खताचं पण विचारते, युरिया घालताय का? युरियानं पालवी एकदम लुसलुशीत येते, माव्याला तीच आवडते. महिनाभर बंद ठेवा, थोडं शेणखत पुरे.

दुकानातलं औषध भाजीच्या झाडावर मी मारत नाही, मधमाश्यांनाही त्रास होतो. मारलंच असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस होईपर्यंत मिरची तोडून खाऊ नका.

आणि मिरचीचं पान वरच्या बाजूला वळलं असेल तर ते फुलकिडे असू शकतात, खाली वळलं तर कोळी, तेव्हा सगळा दोष माव्याला देऊ नका. मात्र पानावर पिवळे-हिरवे चट्टे पडून झाड खुरटलं असेल तर माव्यानं व्हायरस आणलाय, ते झाड उपटून गच्चीवरनं खाली न्या. त्या पानाचा मागनं आणि पुढनं असे दोन फोटो टाका, बघून सांगते.