रेडचा रिबिल्ड आणि दिवसाचे काम

प्रश्न : आमच्या छापखान्यातील लिनक्स सर्व्हरवर ८ टीबीच्या चार हार्डडिस्कची रेड ५ (एक डिस्क गेली तरी मजकूर टिकवणारी जोडणी) आहे. एक डिस्क बिघडल्याने नवी बसवली. तेव्हापासून दिवसा फायली उघडायला फार वेळ लागतो आणि रिबिल्डची, म्हणजे नव्या डिस्कवर मजकूर पुन्हा भरण्याची, टक्केवारीही जेमतेम सरकते. रात्री मात्र ती भराभर वाढते. दिवसा रिबिल्ड थांबवून ठेवावा का?

उत्तर : थांबवू नये. रिबिल्ड उरलेल्या तिन्ही डिस्क ओळीने वाचत जातो व पॅरिटीवरून (गेलेला मजकूर परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीवरून) काढलेला मजकूर नव्या डिस्कवर लिहितो. हे काम सलग चालले तर सेकंदाला २०० एमबीच्या आसपास वेग मिळतो आणि ८ टीबीला साधारण ११ तास पुरतात. परंतु कोणी फाइल उघडली की डिस्कचे हेड आपली जागा सोडून दुसरीकडे जाते, ७२०० आरपीएमच्या तबकडीचा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद थांबते आणि पुन्हा माघारी येते. अशा विखुरलेल्या वाचनांची एका डिस्कची क्षमता सेकंदाला जेमतेम शंभर असल्याने दोन्ही कामे रखडतात. शिवाय बिघडलेल्या डिस्कवरचा जो भाग अजून भरून निघालेला नाही, तो वाचायचा तर तिन्ही डिस्क कामाला लावाव्या लागतात.

लिनक्सचा एमडी ड्रायव्हर (रेड चालवणारा भाग) अशा वेळी स्वतःहून माघार घेतो. इतर वाचन-लेखन दिसले की तो रिबिल्डचा वेग ‘स्पीड लिमिट मिन’ या मर्यादेपर्यंत खाली येऊ देतो, आणि ती मुळात प्रत्येक डिस्कमागे सेकंदाला १००० केबी एवढीच असते. त्या गतीने ८ टीबीला तीन महिने लागतील! तेवढ्या काळात दुसरी डिस्क गेली तर सगळेच गेले, म्हणून मला ही मर्यादा धोकादायक वाटते.

आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा, त्यासाठी रिबिल्ड थोडा लांबला तरी चालेल. मग ही मर्यादा ५०,००० करावी. कामाची गती आणखी मंदावेल, पण दोन दिवसांच्या आत रिबिल्ड संपण्याची शक्यता बरीच वाढेल. व्हायरस स्कॅन, इंडेक्सिंग वगैरे तोवर बंद ठेवावे. प्रत्यक्ष वेग ‘एमडीस्टॅट’ या लिनक्सच्या स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये दिसतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यास हा बदल पुसला जातो, तेव्हा तो सिसकंट्रोलच्या (sysctl), म्हणजे लिनक्सच्या सेटिंगच्या, फाइलमध्येही नोंदवावा.