झोपेची गोळी चार महिन्यांपासून सुरू आहे, बंद करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय 68. वडील गेल्यापासून त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी झोल्पिडेम 10 मिलिग्रॅम लिहून दिली. चार महिने झाले, आता एखाद्या रात्री गोळी नसली तर डोळ्याला डोळा लागत नाही. एकदम बंद करावी, की आयुष्यभर चालू ठेवली तरी चालेल?

दोन्ही नको. आज रात्री एकदम बंद करू नका आणि आयुष्यभराचं तर मनातही आणू नका.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. निदान करणं माझं काम नाही आणि ते मी करणारही नाही. पण ही गोळी कोण किती दिवस घेतं, हे काउंटरच्या आतल्या बाजूने जेवढं दिसतं तेवढं कित्येकदा डॉक्टरांनाही दिसत नाही. पेशंट त्यांच्याकडे वर्ष-वर्ष फिरकत नाही, माझ्याकडे मात्र पट्टी संपली की हजर असतो.

आधी गोळीच्या बाजूने बोलतो, कारण तिला उगाच शिव्या घालणारेही खूप आहेत. घरातलं माणूस गेल्यावर पहिले काही आठवडे रात्र खायला उठते. अशा वेळी चार तास सलग झोप मिळाली तर माणूस दुसऱ्या दिवशी जेवतो, दोन शब्द बोलतो, कागदपत्रांच्या मागे लागू शकतो. मेंदूची धावपळ शांत करणारं गाबा नावाचं रसायन आपल्यातच असतं, या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. पूर्वी बार्बिच्युरेट जातीची औषधं होती, त्यांत झोपेचा डोस आणि जिवावर बेतणारा डोस यांच्यात अंतर फारच कमी. 1960 नंतर लिब्रियम, डायझेपॅम वगैरे आली, 1992 साली अमेरिकेत झोल्पिडेमला मान्यता मिळाली, आणि तो धोका बराच कमी झाला. तुमच्या आईंना डॉक्टरांनी त्या वेळी गोळी दिली, त्यात मला काही वावगं वाटत नाही. प्रश्न पुढचा आहे: किती दिवस, हे त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं का? बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं असलं तरी ते कुणी वाचत नाही.

फायदा किती होतो, तेही एकदा पाहू. झोल्पिडेमच्या जातीच्या गोळ्यांच्या चाचण्या एकत्र करून 2012 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. नुसत्या नावापुरत्या, औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत झोप साधारण 22 मिनिटं लवकर लागली. बावीस मिनिटं. आणि औषध नसलेल्या गोळीनेही लोकांना बऱ्यापैकी गुण आला होता! त्याच नियतकालिकात 2005 साली साठीच्या पुढच्या लोकांचा हिशोब आला होता: 13 जणांना झोपेची गोळी द्यावी तेव्हा एकाची झोप सुधारते, आणि 6 जणांना द्यावी तेव्हा एकाला काहीतरी त्रास होतो. तरुण माणसासाठी आणि तुमच्या आईंसाठी गणित एकच नसतं, ते असं.

आता डोसबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला 10 हा आकडा मला पहिल्यांदा खटकला. बायकांच्या शरीरातून झोल्पिडेम हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना धोका होईल इतकं रक्तात शिल्लक राहू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2013 साली बायकांचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणला. वयस्कर माणसांना तर 5 च सांगितलेली असते. तुमच्या आईंना दोन्ही कारणं लागू आहेत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा.

वयस्कर माणसात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रात्री दोन-तीन वाजता लघवीला उठण्याची. गोळीचा अंमल असतो, पाय जड, तोल नाही, लाइट लावायचं भान नाही. बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. पासष्टीच्या पुढच्यांना या गोळ्या शक्यतो देऊ नयेत असं अमेरिकेतले वृद्धांचे डॉक्टर सांगतात, त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरी गोष्ट लोकांना थापेबाजी वाटते, पण खरी आहे. माणूस झोपेतच उठून कामं करतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. झोल्पिडेमच्या माहितीपत्रकात याचा ठळक, चौकटीतला इशारा छापा, असं अमेरिकेत 2019 साली बंधनकारक केलं. माझ्या एका गिऱ्हाइकाने रात्री उठून गॅस पेटवला, चहा केला, प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि सकाळी सुनेलाच विचारलं, "कप ओला कसा गं?" त्या दिवशी ते हसत सांगत होते. सून हसत नव्हती. असं एकदा जरी झालं तरी पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करायचा.

आईंना दमा असेल, किंवा त्या जोरात घोरत असतील आणि घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर तेही सांगा, कारण मग या गोळ्यांनी श्वासाचा घोळ आणखी वाढू शकतो. गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल असलेली गोळी चालू असेल तर नक्की सांगा. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. दारूचं वेगळं सांगायला नको, पण "एक चमचा ब्रँडी औषध म्हणून" हीसुद्धा दारूच.

आता सवयीचं. काही आठवड्यांत शरीर गोळीला सरावतं. मग एक रात्र गोळी चुकली की झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते. घरातले म्हणतात, "बघा, गोळीशिवाय हिला झोपच येत नाही." इथेच सगळे फसतात. ती रात्र मूळ आजाराची असेलच असं नाही, गोळी अचानक काढल्याची असते. झोल्पिडेममध्ये हा उलटा झटका बहुधा थोड्याच रात्रींत ओसरतो. पण तेवढ्यात घाबरून गोळी परत सुरू होते आणि पुढची वर्षं तशीच निघून जातात.

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, लोराझेपॅम या बेन्झोडायझेपिन जातीच्या, टेन्शनसाठी आणि झोपेसाठी देतात त्या गोळ्यांचं प्रकरण याहून चिवट. क्लोनाझेपॅम निम्मं शरीराबाहेर पडायलाच तीस-चाळीस तास लागतात, म्हणजे आजची गोळी कालच्या उरलेल्यावर जाऊन बसते. या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकदम तोडल्या तर थरथर, घाम, जबरदस्त घालमेल, क्वचित फिटसुद्धा येते. आणि पुष्कळांना आपण ही गोळी घेतो हेच माहीत नसतं. 'टेन्शनची गोळी' म्हणून मिळते तिच्यात एस्सिटॅलोप्रॅमबरोबर क्लोनाझेपॅम असतं. पोटात मुरडा येतो म्हणून दिलेल्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. आईंच्या सगळ्या पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरातली नावं वाचा. एकाच जातीची दोन औषधं दोन डॉक्टरांकडून चालू आहेत, असं मी अनेकदा पाहिलंय.

नियम कडक आहेत, नाही असं नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झालं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची एक जास्त कडक यादी. झोल्पिडेम, अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, नायट्राझेपॅम त्यात येतात. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपायचं. पण लोक रजिस्टरला पुरून उरतात. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात, त्यांनी चिठ्ठी चक्क लॅमिनेट करून आणली होती. चिठ्ठीवरची तारीख जुनी, शाई फिकी, वरून प्लास्टिक चकचकीत. म्हटलं, "गुरुजी, ही चिठ्ठी आहे का आधार कार्ड?" "अहो, डॉक्टरांनीच दिलीय ना?" दिली होती, पण दहा दिवसांसाठी. मी गोळी दिली नाही, गुरुजी रागावले आणि चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथे मिळाली की नाही, हे मी विचारलं नाही.

मग करायचं काय? डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवायचा. बेन्झोडायझेपिन जातीच्या गोळ्यांसाठी अमेरिकेतल्या 2025 च्या मार्गदर्शनात सुरुवात 5 ते 10 टक्क्यांनी, दर दोन ते चार आठवड्यांनी कमी करत जाण्याची आहे. झोल्पिडेम चार महिनेच झालेली असेल तर डॉक्टर याहून लवकरही उतरवतील. ते ठरवतील, तुम्ही-आम्ही नाही. फक्त सुरुवात बाराव्या-तेराव्याच्या, वर्षश्राद्धाच्या किंवा घरात पाहुणे भरलेल्या आठवड्यात करू नका.

त्याचबरोबर झोप मोडणाऱ्या बाकीच्या गोष्टी शोधा. बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते का? घेत असतील तर ती सकाळी चालेल का, विचारा. दम्यासाठी थिओफिलिन किंवा स्टेरॉइड चालू आहे का? पाच वाजताचा चहा साडेसहाला सरकलाय का? आणि दुपारी किती वेळ झोपतात? दुपारी दोन तास काढले आणि रात्री साडेआठला आडव्या झाल्या तर तीनला जाग येणारच. ती अनिद्रा नाही, झोप पुरी झालेली आहे.

निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही, सीबीटी-आय नावाची वर्तनोपचाराची पद्धत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली तसं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे तालुक्याला ती शिकवणारं कुणी सापडणं कठीण, पण गाभा घरी करता येतो. उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, घड्याळ बघायचं नाही. साडेपाच तास झोप लागत असेल तर नऊ तास अंथरुणात काढायचे नाहीत. पहिला आठवडा फार वाईट जातो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्या "हे थेर मला नको" म्हणतील आणि त्यांचं चुकणार नाही. फिटचा आजार असेल किंवा तोल जात असेल, तर अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग डॉक्टरांना विचारूनच.

गोळी सोडवायची म्हणून ॲलर्जीची एव्हिल किंवा खोकल्याचं सिरप देऊ नका. त्याने झोप येते खरी, पण या वयात भ्रम होणं, लघवी अडकणं हे प्रकार त्यातूनच होतात.

आणखी एक, कदाचित सगळ्यात महत्त्वाचं. त्या पहाटे लवकर उठून रडत बसतात का, जेवण कमी झालंय का, "आता माझं काय राहिलंय" असं बोलतात का? तर झोपेच्या मागे नैराश्य असू शकतं, आणि त्याला झोल्पिडेमचा काही उपयोग नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच बघायला हवेत. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अशा वेळी घरात गोळ्यांचा साठाही त्यांच्या हाताशी ठेवू नका.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आणि आठवडाभर किती वाजता झोपल्या, किती वाजता उठल्या एवढं कागदावर लिहून न्या. गोळीच्या नावापुढे 'सीआर' असेल, म्हणजे ती औषध हळूहळू सोडणारी असेल, तर ती अर्धी करायची नसते. तोडली की सगळं औषध एकदम सुटतं. साधी 10 ची गोळी मधोमध रेघ असेल तर तुटते, नाहीतर 5 चीच वेगळी लिहून घ्या, महाग नाही.